काय न्यायचं डॉट

माझा चुलतभाऊ अल्पेश मनाने वाईट नाही, असं म्हणणारे बरेच लोक आहेत. ते सगळे मुंबईला राहतात.

मी भिंतीपलीकडे राहतो. आमच्या दोन घरांना मिळून एकच भिंत आहे आणि ती कोणाची यावरून वाद असल्यामुळे आम्ही कॅलेंडर लावायला खिळा मारला, की काकाच्या घरातून कोणीतरी तो हातोडीने परत पाठवतं. अशा दोघांनी एकत्र धंदा का काढावा? कारण त्याच्याकडे चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल होता आणि माझ्याकडे दोन वाक्यं सलग लिहायची अक्कल. दोघांनाही वाटत होतं, की दुसऱ्याला नंतर काढून टाकता येईल.

धंदा सोपा होता. नागावच्या किनाऱ्यावर पाहुणे येतात ते भलत्याच वस्तू घेऊन. टाचांच्या चपला आणतात, चामड्याची पाकिटं आणतात, एकाने तर इस्त्री आणली होती. आम्ही इंटरनेटवर सांगायचं, बाबांनो, काय न्यायचं. पाण्यात चालायचे बूट, मोबाईल भिजू नये म्हणून पिशवी, माडांना बांधायचा झोपाळा. खाली लिंक द्यायची. त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली, की ऑनलाइन दुकान आम्हाला कमिशन देणार. 'काय न्यायचं' हे आमचं नाव. फुकटच्या ब्लॉगवर ते बरं चाललं होतं. मग दुकानाचा मेल आला, की महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या नावाची वेबसाइट हवी, नाहीतर तुमचं खातं बंद.

खातं बंद झालं तर माझं काय करायचं, हे बाबांनी ठरवून ठेवलं होतं. म्हसळ्याला माझ्या मामाचं पत्र्यांचं दुकान आहे. तिथून समुद्र दिसत नाही, पत्रे दिसतात. मामा दर रविवारी फोन करायचा. "काय दिपेश, झालं का बंद?" आवाजात खरी माया असायची.

नाव ठरलेलं होतं. भांडण होतं ते नावाच्या शेपटीवरून. मला डॉट कॉम हवं होतं, कारण मुंबई-पुण्याचा माणूस काहीही टाइप करताना शेवटी आपोआप कॉम लिहितो. अल्पेशला डॉट इन हवं होतं.

"कॉम परक्याचं," तो म्हणाला. "इन आपलं. इंडियाचं."

"तुझी चड्डी कुठली आहे ते मागचं लेबल वाचून सांग."

"चड्डीवर जाऊ नकोस."

"लोक विसरतात रे इन. कॉम टाकतात आणि दुसऱ्याच्या दारात जातात."

"ज्याला हाफ चड्डीत पोहायचंय त्याला डॉट काय आहे ते लक्षात राहतं."

या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण त्याने तो विजयाच्या आवाजात उच्चारला होता.

एकट्याला गुपचूप नाव घेऊन टाकायची सोय नव्हती. बँकेचं खातं जोडीचं होतं. कार्ड अल्पेशच्या खिशात आणि ओटीपी माझ्या मोबाईलवर. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून आम्हीच तशी व्यवस्था केली होती आणि ती उत्तम चालत होती. आम्ही दोघंही काही करू शकत नव्हतो.

तोवर स्टिकर छापून आले. छापणाऱ्याला घाई होती आणि आमचं ठरत नव्हतं, म्हणून स्टिकरवर फक्त 'काय न्यायचं डॉट' एवढंच होतं. पुढे कोरी जागा. ठरलं की मार्करने लिहू, असा विचार. गावातल्या सगळ्या रिक्षांवर, दोन बनाना बोटींवर आणि मासळी बाजाराच्या खांबावर ते लागले. माणसं विचारायची, "डॉट काय रे?" मी सांगायचो कॉम. मागून अल्पेश सांगायचा इन. काही रिक्षावाल्यांनी आपल्या मनानेच आपला मोबाईल नंबर लिहून टाकला.

अल्पेशची आई, माझी ठमाकाकी, एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "दोन्ही घ्या की मेल्यांनो. एकच चप्पल घालून हिंडतंय का कोन?"

काकीचं बरोबर होतं. दोन्ही नावं घेता येतात, लोक घेतातही. पण दोन्ही घेतली असती तर हरलं कोण असतं? आम्ही काकीकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने नळ बंद केला.

शेवटी ठरलं, की गावदेवीला कौल लावायचा. देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतात, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि आधी कोणती पडते ते बघतात. जमीन, लग्न, बोअरवेल, सगळं आमच्याकडे असंच ठरतं. गुरव सदा. त्याचा आवाज बारीक असल्यामुळे तो गाऱ्हाणं माइकवरून घालतो आणि भोंगा देवळाच्या कळसाखाली आहे.

"उजवीकडे माझं," अल्पेश म्हणाला.

"उजवीकडे कॉम."

"देवीची उजवी का तुमची उजवी?" सदाने विचारलं. हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यावर दिवेलागणीपर्यंत भांडण चाललं. शेवटी सदानेच ठरवलं, की देवीची उजवी कॉमची आणि डावी इनची. "आता पुढं कोन बोलला तर मी घरी चाललो."

मग त्याने माइक हातात घेतला. कौलाचा नियम असा, की देवीला अर्धवट सांगायचं नाही. काम काय, नाव काय, कशासाठी, सगळं खणखणीत आणि चार माणसांसमोर. अर्धवट सांगितलेला कौल धरत नाहीत. अल्पेश इतका काटेकोर, की त्याने नावाची इंग्रजी अक्षरंही सदाला एकेक करून सांगितली, देवीचा उगाच घोटाळा नको म्हणून.

"आई, ही दोन लेकरं," भोंगा ओरडला, "के ए वाय, एन वाय ए, वाय सी एच ए या नावाची वेबसाइट घेणार हायत. अजून घेतलेली न्हाय. कॉम घ्यावी का इन घ्यावी, तूच सांग."

पाकळ्या हलेनात. सदाने गाऱ्हाणं पुन्हा घातलं, अक्षरांसकट. मग तिसऱ्यांदा. आवाज जेट्टीपर्यंत जात होता.

देवळाच्या पायरीवर प्राप्ती वहिनी बसली होती. रस्त्यापलीकडे तिचं होमस्टे आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही 'नागावला कोणत्या खुर्चीवर बसू नये' असा लेख टाकला होता, त्यातली खुर्ची तिची. फोटोत खुर्चीसोबत पडलेले पनवेलचे एक काकाही होते. आमचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख. वहिनी मान खाली घालून मोबाईलवर काहीतरी करत होती. मला वाटलं, आरतीची वाट बघतेय.

देवीची उजवी पाकळी पडली.

"कॉम!" मी देवळात ओरडलो. ओरडू नये, पण ओरडलो.

"पंख्याने पडली," अल्पेश म्हणाला.

"पंखा बंद हाय," सदा म्हणाला.

"बंद असला तरी त्याची हवा असते."

मी त्याच्या खिशातून कार्ड काढून घेतलं आणि तिथेच नाव टाकलं. स्क्रीनवर आलं, हे नाव उपलब्ध नाही. अल्पेशला इतका आनंद झाला, की तो खाली बसला. मग त्याने स्वतःचं डॉट इन टाकून पाहिलं. तेही उपलब्ध नाही. मला झालेला आनंद मी लपवला नाही.

पायरीवर प्राप्ती वहिनी चपला घालत होती.

"वहिनी," मी म्हणालो, "ते आमचं नाव आहे."

"तुमचं होतं तर देवीला विचारायला कशाला आलात? भोंग्यावरून सांगितलंत, अजून घेतलेलं नाही. मला वाटलं, लिलाव आहे."

"मी मघाशीबी म्हनत व्हते दोन्ही घ्या," मागून ठमाकाकी म्हणाली.

"ऐकलं ना मी, काकी," वहिनी म्हणाली. "दोन्ही घेतली."

अल्पेश पोलिसांचं बोलू लागला. सदाने त्याला माइक दिला आणि म्हणाला, घे, आता ह्याच्यावरूनच तक्रार कर.

वहिनी काही राक्षसीण नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही वेगवेगळे तिच्या दारात गेलो, तेव्हा तिने दोघांनाही एकाच वेळी आत घेतलं. नव्या खुर्च्यांवर बसवलं. मी जपून बसलो.

"खुर्चीबद्दल माफी लिहा," ती म्हणाली. "दोघांच्या नावाने. मग मी एक नाव तुम्हाला फुकट परत देते. कॉम नाहीतर इन. दुसरं माझ्याकडे राहील. दोघांनी एकत्र यायचं आणि एकच सांगायचं. बस्स."

माफी आम्ही तिथेच लिहिली. तीत आमचं एका शब्दावरूनही भांडण झालं नाही. मग तिने विचारलं, "बोला, कोणतं?"

"कॉम," मी म्हणालो. "देवीचा कौल आहे."

"पंखा," अल्पेश म्हणाला.

महिनाअखेर आली आणि गेली. दुकानाने खातं बंद केलं, तसा मेलही आला, शेवटी आमचे आभार मानलेले होते.

मी आता म्हसळ्याला असतो. पत्रे मोजतो. मामा प्रेमाने वागतो, ते सहन होत नाही. काकीने आता घरातच होमस्टे काढलंय, तिथे अल्पेश पाहुण्यांचे ओले टॉवेल वाळत घालतो. नागावहून येणाऱ्या टेम्पोंवर आमचे स्टिकर अजून आहेत, डॉटच्या पुढे वहिनीने स्वच्छ अक्षरात तिच्या होमस्टेचं नाव लिहून घेतलंय.

मामाने रविवारी फोन करायची गरज उरली नाही. आता अल्पेश करतो.

"वहिनी अजून म्हणते, एकच सांगा, देऊन टाकते," तो म्हणतो. "काय सांगू?"

मी बाहेर बघतो. पत्रे, त्यामागे पत्रे.

"कॉम," मी म्हणतो.

तो फोन ठेवतो.