छबूचा कोरडा पट्टा

ऊसतोडीला नेणारा मुकादमाचा ट्रक उद्या पहाटे निघणार होता आणि माझ्या आठवीतल्या पोरीला सहा महिने कुठं ठेवायचं, हे अजून ठरलं नव्हतं. ठेवण्याजोगं घर एकच, माझी धाकटी जाऊ छबुबाई हिचं. आणि तिच्याशी महिन्यापासून अबोला. टँकरच्या गर्दीत तिचा भरलेला हंडा मीच उचलला होता. ती विचारायला आली, तर उलट मीच तिच्यावर तोंड सोडलं. खोटं बोलताना माझा आवाज जास्तच चढतो.

त्या दुपारी सोसायटीच्या रिकाम्या गोदामात पुण्याच्या एका बाईनं काळे पडदे लावून दिव्यांचा खेळ मांडला होता. दोघींनी समोरासमोर बसायचं, कपाळाला पट्टा बांधायचा. समोरच्याला काही द्यावंसं वाटलं की पट्ट्याला ते मेंदूतून कळतं आणि आपल्या डोक्यावर टांगलेला दिवा उजळून तिच्याकडे सरकतो, असं ती सांगत होती. दुष्काळात एवढंच बाकी होतं. पण चेअरमन बबनरावांनी बायका गोळा केल्या आणि मला नेमकं छबूसमोर बसवलं. उठून पळावंसं वाटत होतं.

पट्ट्यातला स्पंज ओला लागतो, कोरड्या पट्ट्याला काही कळत नाही. आमच्यापाशी येईतो पुण्याच्या बाईचं पाणी संपलं. तिनं मागितलं, तशा सगळ्यांनी आपापल्या बाटल्या पदराखाली घेतल्या. छबूच्या बाटलीत तळाशी घोटभर होतं. तिनं ते सगळं माझ्या स्पंजावर ओतलं आणि स्वतःचा पट्टा तसाच कोरडा बांधला.

अंधार झाला. माझा दिवा पेटला, थरथरत पुढं सरकला. हंडा, पोरगी, ट्रक, डोक्यात नुसतं फिरत होतं. छबूचा दिवा काळाच राहिला.

"छबुबाईच्या मनात द्यायचं कायबी न्हाई बरं का," मागून बबनराव म्हणाले. बायका हसल्या. छबूही हसली.

तिच्या पाण्याचा थेंब माझ्या नाकावर उतरला. मला माझीच लाज वाटली. मी पट्टा ओढून काढला.

"छबू, तुजा हंडा मीच नेलता."

"म्हाईत हाय, आक्का. तुमच्या अंगणात रोज दिसतो."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तुमच्या घरात पिणारी तोंडं जास्त."

पोरीचं विचारायला तोंड उघडेना. 

"उद्या गाडी हाय न्हवं?" छबूच म्हणाली. "पोरीला आज सांजच्यालाच माझ्याकडं धाडा, दप्तर घिऊन. आन् तिच्यासंगं माझा हंडाबी."