दोनशे पीळ जास्त

रबर तुटल्याचा आवाज फार मोठा नव्हता. पण सायलीनं दोन्ही हातांनी डावा डोळा धरला आणि ती फरशीवर बसली. पौर्णिमा हातातलं टाकून तिच्याकडं धावली.

बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याजवळच्या एका गावातल्या शाळेत दोघी नववीत होत्या. जिल्ह्याच्या विज्ञान स्पर्धेसाठी त्या रबराच्या पिळावर उडणारं हेलिकॉप्टर बनवत होत्या. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची काडी, तिच्या दोन टोकांना उलटसुलट फिरणारे पंखे, पंख्यांवर कांद्याच्या पापुद्र्यासारखं प्लास्टिक. सगळं मिळून वजन तीन ग्रॅम, तेही सोनाराच्या काट्यावर मोजलेलं. ज्याचं हेलिकॉप्टर जास्त वेळ हवेत राहील तो पहिला. यांचं एक मिनिट चाळीस सेकंद राहायचं. दोघींना दोन मिनिटं हवी होती.

विज्ञानाच्या अजिनाथ सरांनी बजावलं होतं, बाराशेच्या वर पीळ द्यायचा नाही आणि डोळ्यांना जपणारा चष्मा काढायचा नाही. त्या मंगळवारी सर मीटिंगला गेले होते. सायलीनं रबराचं एक टोक धरलं होतं, दुसरं टोक पौर्णिमा हातानं फिरवायच्या गिरमिटाला अडकवून ताणून पिळत होती. घामानं काच धुरकटली म्हणून सायलीनं चष्मा कपाळावर सरकवला. पौर्णिमानं ते पाहिलं, पण हात थांबवला नाही. चौदाशेला रबर तुटलं.

"दाखव की! काय झालं?"

"काही न्हाई. लागलं जरा." सायलीनं नळाखाली डोळा धुतला. डोळा लालबुंद झाला होता. "कुणाला सांगायचं न्हाई. अण्णा मला शाळेतनंच काढतील. माझी शपथ हाय तुला."

पौर्णिमानं मान हलवली. खरं तर तिलाही सांगायचं नव्हतं.

सायलीचे वडील तानाजीराव माजी सरपंच. गावातली निम्मी कामं त्यांच्या ओसरीवर ठरायची. दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून वाद झाला, तेव्हापासून पौर्णिमाच्या वस्तीतले लोक त्यांच्या फाटकापुढं शब्द जपून बोलत. आणि आता त्यांच्याच पोरीच्या डोळ्याला तिच्या हातून लागलं होतं. कुठं फटफटी थांबली तरी वाटायचं, आले.

सायलीनं घरी सांगितलं, चिलट गेलं. आजीनं, वच्छलाबाईंनी, गुलाबपाणी घातलं. बुधवार तसाच गेला.

गुरुवारी मधल्या सुट्टीत पौर्णिमानं सायलीला पाण्याच्या टाकीमागं नेलं. तिचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि दुसरा हात समोर धरला.

"किती बोटं?"

"तीन," सायली म्हणाली.

पौर्णिमाची मूठ मिटलेली होती.

तिनं जवळ जाऊन पाहिलं. डोळ्याच्या काळ्या भागात तळाला काळपट रक्त साचलं होतं, पेल्यात पाणी दिसावं तसं, वरची रेघ सरळ. "डोकं लई ठणकतंय गं," सायली म्हणाली आणि तिथंच गवतावर ओकली. वर्गाच्या बाईंनी तिला घरी पाठवलं.

पौर्णिमा वर्गात गेलीच नाही. ती पळत आरोग्य उपकेंद्रात आली. तिची आई ज्योत्स्ना तिथं नर्स होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं.

"कवा लागलं?" सगळं ऐकून आईनं विचारलं.

"मंगळवारी."

"दोन दिवस?" आईनं हात उगारला नाही. पौर्णिमाला वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं. आईनं कपाटाला कुलूप लावलं. "चल."

"आई, तानाजीराव आपल्याला काय करतील?"

"काय करायचं ते करू दे. त्या लेकराची नजर जाईल."

पण तानाजीरावांच्या फाटकापाशी आई थांबली. खांद्यावरची पिन काढून तिनं पदर पुन्हा लावला, आणि ती पिन काही केल्या लागेना. आई कुणाला भीत नाही, अशीच पौर्णिमाची आजवर समजूत होती.

ओसरीवर चार-पाच माणसं बसली होती. "या सिस्टर," तानाजीराव म्हणाले. "काय काम काढलं?"

आईनं तोंड उघडायच्या आतच पौर्णिमा बोलली. "सायलीच्या डोळ्यात चिलट न्हाई गेलेलं. रबर लागलंय. माझ्या हातनं."

"कुणाची पोर ही?" तानाजीरावांचा ड्रायव्हर बंकट उठून उभा राहिला.

"माझी," आई म्हणाली. "डोळ्यात रक्त उतरलंय. आत्ताच्या आत्ता बीडला न्यावं लागंल."

तानाजीरावांनी हाक मारली. सायली डोळ्यावर हात धरून बाहेर आली. त्यांनी तो हात बाजूला केला, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गाडी काढ बे बंकट! सिस्टर, तुमी संगं चला."

गाडीत आईनं सायलीला आडवं होऊ दिलं नाही, उशीला टेकवून बसवलं. पौर्णिमानं वाटेत तिचा हात धरायला पाहिलं. सायलीनं तो काढून घेतला.

बीडला डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या आतलं प्रेशर फार वाढलंय. आणखी एक दिवस गेला असता तर नजरेचा भरवसा दिला नसता. आताही चार दिवस जाऊ द्या, मग बोलू.

बाहेरच्या बाकावर तानाजीराव पौर्णिमाच्या शेजारी येऊन बसले. ती आक्रसली.

"किती पीळ दिलता?"

"चौदाशे."

"द्यायचा किती?"

"बाराशे."

"मंग जास्तीचा कावून दिला?"

"पहिला नंबर यावा म्हणून."

"आन् दोन दिवस का न्हाई बोललीस?"

"भ्याले."

"कुणाला?"

तिनं आईकडं पाहिलं. आई औषधाची चिठ्ठी वाचत होती. "तुमाला," पौर्णिमा म्हणाली.

तानाजीरावांनी गमजानं तोंड पुसलं. "म्हंजी सायली बी मलाच भ्याली," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

ते चार दिवस पौर्णिमानं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. पाचव्या दिवशी आईला फोन आला, प्रेशर उतरलं, सायलीला बोटं मोजता येतायत. पौर्णिमा मोरीत जाऊन रडली. सर म्हणाले, दुसरी जोडीदार देतो. पण पौर्णिमा गिरमिट उचलायची आणि परत ठेवून द्यायची. सरांनीच मग स्पर्धेतून नाव मागं घेतलं.

सायली तीन आठवड्यांनी शाळेत आली. काळा चष्मा लावून वेगळ्या बाकावर बसली आणि आठवडाभर बोलली नाही. मग एका सकाळी तिनं आपलं दप्तर उचलून पौर्णिमाच्या बाकावर आणून ठेवलं.

"शपथ मोडलीस तू."

"हं."

"भूगोलाची वही दे. माझं लई राहिलंय."

पौर्णिमानं वही दिली. सायलीनं चष्मा काढला, उजवा डोळा मिटला, वही जवळ धरली, मग थोडी लांब धरली, आणि अडखळत पहिली ओळ वाचायला लागली.