बिनड्रायव्हरची गाडी

मित्रांनो, माझ्या सेलचं झाकण रबरबँडनं बांधलंय म्हणून नाक मुरडू नका. मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे, आणि मी बिबट्याचा पंजा पाहिलाय.

जन्म माझा समुद्रापलीकडच्या कारखान्यात. पुण्याच्या दुकानात मात्र धूळ खात पडलो होतो. दोन हजार चार साली पिंपरी पेंढारच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या सोनलबाई तिथं आल्या. सोबत त्यांचे दीर हौशीराम, आळेफाट्यावरचे जीपवाले. त्यांच्या घरच्या उसात बिबट्याचे ठसे उठत. गाव म्हणे, "कुत्रं असंल!" वनखात्याचे साहेब पोचेपर्यंत पाटाचं पाणी ठसे पुसून टाकी. आणि बाईंची लेक हर्षाली त्याच उसाच्या कडेनं शाळेत जाई.

दुकानदारानं एक चकचकीत कॅमेरा पुढं केला.

"लिनक्सवर चालेल का? शाळेचे संगणक त्याच प्रणालीवर चालतात," बाईंनी विचारलं.

"कसलं लिनक्स? याला ड्रायव्हर लागतो, ताई."

"मंग मी काय मेलोय व्हय?" हौशीराम उसळले. "लायसन दावू का?"

दुकानदार खिदळला. लिनक्स म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक नव्हतं, पण दात काढायला काय जातं!

"भाऊजी, कॅमेऱ्याची भाषा संगणकाला समजावतो, तो हा ड्रायव्हर," बाई म्हणाल्या. पिशवीतली लिनक्सची सीडी घालून त्यांनी दुकानातलाच संगणक सुरू केला. चकचकीत गडी वायर जोडली तरी मुकाच. मग कोपऱ्यातल्या मला जोडलं. दुकानदारानं कधीतरी चाचणीला काढलेले माझ्यातले फोटो पडद्यावर टपाटप उमटले!

"आरं तिच्या! वैनी, ही तर बिनड्रायव्हरची गाडी!"

बाईंनी मलाच घेतलं. दुसऱ्या दिवशी पाटाला पाणी सुटायच्या आत त्यांनी ओल्या मातीतल्या ठशाशेजारी मापासाठी काडेपेटी ठेवली आणि मी डोळा उघडला. शाळेच्या पडद्यावर तो पंजा परातीएवढा झाला. चार बोटं, आणि नखाची खूण नाही. कुत्र्याची नखं उमटतात. "कुत्रं" म्हणणारेच आता पडद्यापाशी दाटी करू लागले. बाईंच्या सासूनं, प्रयागबाईंनी हात जोडले. "वाघोबा, लई मोठा रं तू! पोरीची वाट सोड."

फोटो पाहून साहेबांनी पिंजरा लावला. बिबट्या सापडला. ते पिवळे डोळे माझ्या काचेत मावले, पण मीच त्यांच्यात हरवून गेलो.

मग मोबाइल आले. कौतुक करणाऱ्यांनी मला सेलसकट कपाटात कोंबलं. सेल पाझरले, पोट गंजलं. त्याच वाटेनं शाळा शिकलेल्या हर्षालीनं परवा मला बाहेर काढलं, पुसलं, रबरबँड लावला.

चकाकीला भुलू नका. यंत्र घेताना विचारा, ते आपल्या घरातल्या इतर यंत्रांशी बोलेल का? आणि घेतलंत तर सांभाळा. मला ड्रायव्हर लागत नाही, मित्रांनो. मायेचा हात लागतो.