कुबडीची पायरी

मी एक जुनी शिडी आहे. भिंतीचा आधार मागणारी नव्हे बरं का, मित्रांनो! मला माझे चार पाय आहेत. रंगारी लोक मला घोडा म्हणतात. माझ्या सगळ्या पायऱ्या सागवानी आहेत, फक्त चौथी तेवढी फिकट आणि जाडजूड आहे. तिला कोणी ठिगळ म्हटले की माझे डोके फिरते. का, ते ऐका.

सुताराने मला एका जुन्या दाराच्या चौकटीतून घडवले. प्रत्येक पायरीवर उभे राहून त्याने उड्या मारल्या आणि तो म्हणाला, "वजनानं ही मोडायची नाही. मोडली तर घाईनं मोडेल." मला न्यायला आलेला रंगारी नुसताच हसला.

हा रंगारी अंगाने एवढासा. सगळे त्याला टिंगू म्हणत. दुकानात तो कोणाला दिसत नसे, म्हणून त्याच्या मागचे पुढे जात. पण एकदा का माझ्यावर चढला, की भलेभले मान वर करून त्याच्याशी बोलत. मूर्ती लहान पण कीर्ती महान! आणि त्याची खास करामत म्हणजे खाली न उतरता मला चालवणे. माझ्या माथ्यावर दोन्हीकडे पाय टाकून तो कंबरेला झटका देई, की मी टकटक करत पुढच्या कोपऱ्याकडे निघे. घरातली माणसे काम सोडून बघत राहत.

एका दिवाणखान्यात फरशी खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिक अंथरले होते. खाली उतरायचे, ते बाजूला सारायचे आणि मग मला हलवायचे, एवढेच काम. पण टिंगूने झटका दिला. माझे पाय घसरले, चौथी पायरी कडाडून मोडली आणि तो फरशीवर आदळला. मांडीचे हाड मोडले.

मग आमचे वाईट दिवस आले. तो खाटेवर, मी मागच्या अंगणात. माझ्यावर ओल्या चादरी वाळू लागल्या. एक कोंबडी तर मला आपलेच घर समजू लागली. मी शिडी आहे, दोरी नाही आणि खुराडे तर मुळीच नाही, असे मला ओरडून सांगावेसे वाटे.

हाड जुळले. डॉक्टरांनी चालायला सांगितले. पण टिंगू कुबडी सोडेना. ठेकेदार येऊन म्हणाला, "टिंगू, आता वर चढायचं विसर. खाली बसून डबे धू, ब्रश धू." त्यावर टिंगूने मान डोलावली. ती मान पाहून मला जेवढे लागले, तेवढे पडतानाही लागले नव्हते.

त्याची थोरली बहीण आक्का तर माझ्यावर टपूनच होती. "ही अवदसा दारात नको. फोडून चुलीत घाल."

"आक्का बरोबर बोलते," टिंगू म्हणाला. "हिनंच दगा दिला."

चादरी काढणारी त्याची बायको गर्रकन वळली. "नाचता येईना, अंगण वाकडं! प्लॅस्टिकवर शिडी चालवायला तिनं सांगितलं होतं का? फोडायची तर खुशाल फोडा. पण पाय बरा झालाय तुमचा. घाबरलाय तो माणूस. त्याला कुठल्या चुलीत घालू?"

टिंगूने माझ्या मोडक्या पायरीवरून हात फिरवला. मग मला हातगाडीवर टाकून तो सुताराकडे गेला आणि आपली कुबडी पुढे केली. "हिची पायरी कर."

"अरे, मग तू चालणार कशावर?"

"हिच्यावरच."

सुताराने कुबडीच्या दोन दांड्या जोडून माझी चौथी पायरी बसवली. घरी टिंगू रोज माझ्यावर पाय ठेवी. कधी दोन पायऱ्या जमत, कधी एकही नाही. बायको माझे पाय धरून म्हणे, "उतरा आता. उद्या आहेच." आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा! चौथ्या पायरीवर मात्र तो फार दिवस अडला. ज्या दिवशी ती ओलांडली, त्या दिवशी त्याने स्वयंपाकघराचे काळवंडलेले छत रंगवून टाकले. मी कुरकुरत होते, पण तो आनंद होता.

पुढे ते छत पाहून ठेकेदाराने त्याला एका मोठ्या सभागृहाचे छत दिले. एक कोपरा झाला. "चालव की शिडी!" खालून कोणीतरी ओरडले. टिंगू खाली उतरला, जमीन पाहिली, मला उचलून पुढे ठेवले आणि पुन्हा चढला. मग पुन्हा उतरला, पुन्हा चढला.

"असं उतरत-चढत बसलास तर कधी संपायचं?" ठेकेदार वैतागला.

"संपेल साहेब," टिंगू वरून म्हणाला. "पडून झालंय माझं. आता चढायचंच उरलंय."

छत संपले. शोधूनही डाग सापडला नाही. ठेकेदार मान वर करून बघत राहिला आणि डबे धुण्याचे नावही त्याने पुन्हा काढले नाही.

मित्रांनो, शिड्यांना जपा. पायाखालची जमीन बघा, हलणारा खिळा वेळीच ठोका. आणि संकटात खाली यावे लागले तर खुशाल या, उतरण्यात कमीपणा नाही. पण शिडीवर चादरी वाळत घालू नका. मी अजून उभी आहे. चढा!