हळद आणि नळाची पाळी

माझ्या लग्नाची तारीख दोघांनी मिळून काढली. मठातल्या स्वामींनी तीन दिवस सुचवले आणि नळ सोडणाऱ्या नागनाथ काकांनी त्यातला एक पक्का केला. सेलूत आमच्या गल्लीला पाणी आठ दिवसांनी यायचं, तेही दोनच तास. हळदीच्या सकाळी पाळी आली तरच दोनशे पाहुण्यांचं भागणार होतं. सोनपेठच्या नवरदेवाला कुणी विचारलंसुद्धा नाही. मला राग आला होता, पण पाण्यावाचून अडलेल्या लग्नात रागाचं काय लोणचं घालायचं?

नऊ वाजता मी पाटावर बसले. चन्नबसम्मा आज्जीनं माझ्या उजव्या गालाला हळद लावली आणि त्याच क्षणी गल्लीभर नळाला लावलेल्या मोटारी घुरघुरायला लागल्या. पाणी आलं! काय गोड आवाज होता तो! मी पाटावरच डोलायला लागले.

एवढ्यात दारात साक्षी. शाळेत माझ्याच बाकावर बसायची, आता पालिकेसाठी पाणी तपासते. हातात काचेची नळी आणि औषधाची बाटली.

"त्रिवेणे, जेवायला येणारच हाय. पर आधी ड्युटी," ती म्हणाली. "चार थेंब टाकते. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन हाय, खुशाल प्या. न्हाई झालं तर आज हे पाणी कुणालाच प्यायला देता येणार न्हाई."

थेंब पडले. पाणी तसंच राहिलं, नितळ.

"बघा, किती स्वच्छ!" मामीनं टाळी वाजवली. साक्षीचं तोंड उतरलं.

"परत एकदा बघते," ती म्हणाली. आज्जीला सगळ्या बोलण्यातून एवढंच कळलं होतं की पिवळं पाहिजे. "तू बस माय, मी आणते पाणी," म्हणत ती आत गेली आणि पेला घेऊन आली. साक्षीनं बाटलीचं टोपण उघडायच्या आधीच पेल्यातलं पाणी पिवळंधमक.

"आज्जी, हळद टाकलीत व्हय?"

"मंग? पिवळंच पायजे ना तुला? हळदीवानी औषध हाय का दुसरं?"

मांडव असा हसला की हलगीवाला वाजवायचं विसरला. साक्षीही हसली. मग तिची नजर अंगणातल्या नळाच्या खड्ड्यावर गेली आणि तिचं हसू थांबलं.

तो खड्डा माझ्या वडिलांनी, विरुपाक्ष आप्पांनी, तीन वर्षांपूर्वी खणला होता. नळ जितका खाली तितकं पाणी जास्त, हे त्यांचं शास्त्र. शेजारून गटार वाहायचं.

"आप्पा, पाणी गेलं की पाईप रिकामा होतो," साक्षी हळूच म्हणाली. "मंग खड्ड्यातलं घाण पाणी आत ओढलं जातं, त्या घाणीतच क्लोरीन संपतं. पुढच्या पाळीला तेच सगळ्या गल्लीत."

आप्पांनी समोर बघितलं. समोर शेजारचे आश्रुबा काका उभे होते. मागच्या वर्षी कावीळ होऊन दीड महिना अंथरुणात होते. परभणीच्या दवाखान्यात त्यांना आप्पांनीच नेलं होतं आणि येताना आप्पाच "देवाची मर्जी" म्हणाले होते. आप्पा मटकन जमिनीवर बसले. मला फार वाईट वाटलं.

आश्रुबा काका पुढं आले. "बसायलास काय? कुदळ आण."

दोघांनी खड्डा उपसला. हळदीला आलेल्या नागनाथ काकांनी गल्लीचं पाणी जरा वेळ बंद करून नळ वर काढला, तोटी बसवली. "आता लाईन जोरात धुवून काढावी लागंल," ते म्हणाले. "पर मोटारी चालू असल्यावर जोर कुठून येणार? आन बंद कोण करंल?"

"मी सांगते," म्हणून मी उठले.

"पाटावरून उठू नगं!" मामी ओरडली. मी केव्हाच रस्त्यावर होते. अनवाणी, एका गालाला हळद, मागं अख्खी वरात आणि हलगी.

"मोटार बंद करा! न्हाई तर सासरी जात न्हाई, तुमच्याच दारात बसते!"

बायकोचंही न ऐकणारे बजरंग शेठ धावत जाऊन बटण बंद करून आले. एकेक घर गप्प झालं. एवढी शांत गल्ली मी जन्मात पाहिली नव्हती. मग पाणी आपल्या पायांनी आलं! आधी गढूळ, मग फेसाळ. अर्धा तास ते नुसतं वाहू दिलं, तेव्हा बायकांचा जीव तुटत होता.

साक्षीनं नळी भरली. नवरीकडं कुणी बघेना, सगळे नळीकडं. चार थेंब. पाणी पिवळं झालं!

मी किंचाळले. हलगी कडाडली. आज्जीनं उरलेली हळद साक्षीच्या दोन्ही गालांना फासली आणि नागनाथ काकांनी पाणी तासभर वाढवून दिलं.

आप्पांनी नव्या तोटीखाली पहिला पेला भरला आणि दोन्ही हातांनी आश्रुबा काकांपुढं धरला. काका पेल्याकडं बघत राहिले. मग एका दमात प्यायले आणि रिकामा पेला पुन्हा पुढं केला.

"आजून दे."