सव्वीस चित्रवह्या

बल्गेरियातल्या तिर्नोवोच्या एका लहानशा संग्रहालयातून रुमेनाचा फोन आला, तेव्हा नेद्याल्का हरखून गेली होती.

"चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तुमचा हात कसा घडत गेला, ते लोकांना दाखवायचंय, बाई. जुन्या चित्रवह्या द्याल का?" सोमवारी रुमेना स्वतः न्यायला येणार होती.

नेद्याल्कानं माळ्यावरून सव्वीस वह्या उतरवल्या आणि टेबलावर सालवार मांडल्या. बाहेर बाल्कनीत तिचा नवरा क्रूम हिवाळ्याच्या बेगमीच्या भाजलेल्या मिरच्या सोलत बसला होता.

पहिली वही एकोणिसाव्या वर्षीची. रेघा वेड्यावाकड्या, हात लांब, डोकी मोठी. पण चित्रातल्या आत्याला दम लागलाय हे दिसत होतं. बसथांब्यावरच्या बाईचे पाय ठणकतायत, हेही. पुढे हात सफाईदार झाला. मग पर्यटक यायला लागले. नदीकाठच्या घरांची चित्रं खपायची, खिडकीतली फुलं खपायची, आणि सगळ्यात जास्त खपायचा मिशीवाला हसरा म्हातारा. बाराव्या वहीत तो होता, विसाव्यातही तोच. मधल्या कितीतरी वर्षांत तिनं कुणाला समोर बसवून काढलंच नव्हतं.

पेन्सिल-कागद घेऊन ती तडक बाल्कनीत गेली.

"हलू नकोस, क्रूम."

"आता या वयात मॉडेल होऊ का?" तो हसला. "निदान बोटं तरी धुऊ दे."

"नको. असाच बस."

पाच मिनिटांत चित्र झालं. क्रूमनं मान पुढे करून पाहिलं.

"झकास! पण मला मिशी कधी फुटली गं?"

नेद्याल्कानं कागदाकडे पाहिलं. क्रूमनं जन्मात मिशी ठेवली नव्हती. त्याच्या डाव्या पापणीला आलेला जडपणा, गालावरचा चामखीळ, काहीच कागदावर नव्हतं. तिनं पान फाडलं आणि पुन्हा काढायला घेतलं, या वेळी एकेक रेघ त्याच्याकडे बघून. मिशी टळली, पण गाल तसेच फुगले, तेच हसू आलं. तिसऱ्यांदाही तेच.

"अगं, लोकांना आवडतंच की हे," क्रूम हळूच म्हणाला.

"तू मला दिसतच नाहीयेस," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं तुझ्याशेजारी झोपतेय मी, आणि तू दिसत नाहीयेस."

त्यानं पुढची मिरची उचलली.

सोमवारी रुमेना आली. नेद्याल्कानं तिच्या हातात पहिल्या तीनच वह्या ठेवल्या. बाकीच्या शेगडीत गेल्या होत्या.

रुमेनानं उभ्याउभ्याच पानं चाळली. तिचे डोळे चमकले. "बाई, काय जिवंत आहे हो हे! मग पुढे चित्रं काढणं सोडलंत का?"

"हो," नेद्याल्का म्हणाली. "बाविसाव्या वर्षी."