भाव चढला की भरायचं

बिरप्पा वाघमोडे सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला. शिकला आणि सोलापूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागला. चौऱ्याहत्तर साली भुसार बाजारातल्या गुरुसिद्धप्पा शेठनं त्याला बोलावणं धाडलं. शेठ चोरून तेजी विकायचे. म्हणजे आज थोडे पैसे घ्यायचे आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाइकानं मागितली तर ज्वारी आजच्याच भावानं द्यायची, मग बाजार कुठंही जावो. भाव भडकला की शेठ गोत्यात.

बिरप्पानं परदेशी मासिकात नुकतंच असल्याच सौद्यांवरचं एक सूत्र वाचलं होतं. "भाव चढेल तसा माल भरायचा, उतरेल तसा विकायचा. किती, ते गणित सांगतं," तो शेठना म्हणाला. "मग तेजी कितीबी विका, बुडत न्हाय." कागदावर ते फार देखणं दिसत होतं.

उन्हाळ्यात ज्वारी भडकली. गणित म्हणालं भरा, शेठनं भरली. त्यामुळं बाजारातला माल आटला, भाव आणखी चढला. गणित पुन्हा म्हणालं, भरा.

पावसाळा लागल्यावर एका दुपारी शेठ त्याला मोठ्या कौतुकानं गोदामावर घेऊन गेले. दार उघडताच कुबट भपका आला. थप्पीच्या तळाची पोती ओल लागून काळी पडली होती, भिंतीवर किडे वळवळत होते. बाहेर गटाराच्या कडेला एक बाई सांडलेले दाणे चिखलासकट पदरात भरत होती.

"बाई, ते खाऊ नका," बिरप्पा म्हणाला.

"धुऊन घेती की," ती मान वर न करता म्हणाली. "दुकानात हाय कुटं ज्वारी?"

तो शेठकडे वळला. "शेठ, निम्मा माल आजच विका."

"येड लागलं काय सर?" शेठनं पानाची पिंक टाकली. "तुमचंच गणित म्हनतंय, ठेवा. तळातली सडली तर सडू द्या, वरच्या पोत्यांच्या चढल्या भावात तिचं नुकसान निघालं."

"मग माझं गणित बंद."

"मुनीम शिकलाय की आता. तुमी खुशाल वर्ग घ्या."

खरंच होतं. बिरप्पानंच मोठ्या हौसेनं मुनीमाला सोपं कोष्टक करून दिलं होतं.

तो तसाच तडक पुरवठा कचेरीत गेला आणि साठेबाजीची तक्रार सांगितली. कारकुनानं गोदामाचा पत्ता ऐकला, लेखणी खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "सर, आमच्या साहेबांनीबी तेजी घेतलीय. भाव पडलेला त्यास्नी कसा चालंल?"

बिरप्पा बाहेर आला आणि पायरीशीच ओकला. चपराशी शिव्या देत बादली आणायला गेला.

त्या आठवड्यात ज्वारी आणखी चढली. मुनीमानं आणखी पोती भरली.